आधी इथे काहीच नव्हतं?

गेल्या शनिवारी काकांशी भांडलो. म्हणजे आवाज चढवून नाही, आमच्याकडे काकांसमोर आवाज चढवायची पद्धत नाही. पण ताटावर बसून दोन तास वाद झाला. काकू तीनदा म्हणाली, "जेवा की आता, भाकरी गार झाली." शेवटी रविवारी संध्याकाळी निघायचं ते मी सकाळीच स्वारगेटची गाडी धरली आणि वाकडला आलो. राग अजून पुरता उतरलेला नाही. तेव्हा या वीकेंडच्या पोस्टमध्ये कोड नाही, गॅजेट नाही. बारामती आहे. कंटाळा येणार असेल तर इथूनच परत फिरा.

झालं असं. बारामतीच्या पेठेत आजोबांचं जुनं दुकान आहे, गुळाच्या आडतीचं. आडत केव्हाच बंद पडली. आता ते पाडून खाली गाळे आणि वर फ्लॅट होणार. माझा त्याला विरोध नाही. भिंती ओलीने फुगल्यात, माडीवर जाताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि मी स्वतः बाराव्या मजल्यावर राहून इतरांनी वाड्यात राहावं असं म्हणणार नाही. भांडण झालं ते माडीवरच्या लाकडी पेटीवरून. त्या पेटीत आजोबांच्या वह्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या, लांबट, वर 'श्री'. रोजकीर्द, खतावणी, काही नुसते सुटे कागद. चाळीसेक तरी असतील. काकांनी रद्दीवाल्याला बोलावलं होतं.

मी म्हटलं, "काका, या देऊ नका. हा इतिहास आहे."

काका हसले. "कसला इतिहास? अरे, इथं आधी काय होतं? माळ होता माळ. कुसळं नि खडक. जे झालं ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं."

हे एक वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. काकांकडून, शाळेत, लग्नाच्या पंगतीत, सत्काराच्या भाषणात. आधी इथे काहीच नव्हतं. पुण्यात ऑफिसात त्याचीच दुसरी आवृत्ती ऐकू येते. "कुठला तू?" "बारामती." की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरलेलं हसू, मग एक आडनाव, मग एक विनोद. इंदापूरच्या मित्राचे हाल त्याहून वाईट. त्याला विचारतात, "सोलापूर हायवेवर लागतं तेच ना? कुठल्या हॉटेलपाशी?" आणि 'भीमथडी' म्हटलं की आमच्या टीममधल्या सगळ्यांना पुण्यातली जत्रा आठवते, झुणका-भाकरीचे स्टॉल आणि पार्किंगची बोंब. भीमथडी नावाचा एक तालुका होता, तिथली तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती, हे सांगायला गेलं की लोक मोबाईल काढतात.

माझं म्हणणं सरळ आहे. शरद पवार १९६७ साली बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले, आणि त्यानंतर गाव बदललं हे खरं आहे. नाकारणारा मूर्ख. ज्या रस्त्याने मी कॉलेजला गेलो तो काही आकाशातून पडला नाही. पण त्या आधीचं सगळं 'काहीच नव्हतं' या खात्यात टाकणं म्हणजे प्रोजेक्टवर नवीन मॅनेजर आला म्हणून जुना कोडबेस डिलीट करण्यासारखं आहे. आणि गंमत अशी, की सिस्टिम अजून त्या जुन्या कोडवरच चालते.

तर जुना कोड वाचू.

साल १७४०. थोरले बाजीराव वारले. पुढचा पेशवा कोण? आपल्याला शाळेत शिकवलं, नानासाहेब. पण शाहू महाराजांपुढे दुसरंही एक नाव होतं, आणि ते रेटत होते नागपूरकर रघूजी भोसले. ते नाव होतं बाबूजी नाईक जोशी बारामतीकर. हे गृहस्थ सावकार. पेशव्यांना कर्ज देणारे, शिवाय सोयरे (यांच्या भावाला बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली). महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांनाच दिली. पण बघा, मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या खुर्चीच्या शर्यतीत बारामतीचा एक सावकार होता. त्याचा वाडा कऱ्हेकाठी आहे. कवी मोरोपंतांना आश्रय मिळाला तो याच घराण्याचा. पन्हाळ्याचा हा माणूस बारामतीत आला आणि १७९४ साली इथेच वारला. मराठीच्या पेपरात मोरोपंतांवर मार्क मिळवताना त्यांचा पगार कुठून यायचा हे कुणी विचारलं नाही. तो पेढीवरून यायचा, व्याजबट्ट्यातून. म्हणजे माळावर कुसळं उगवत असतीलही, पण त्या माळाच्या मधोमध पैसा फिरत होता.

आता इंदापूर. इंदापूरचं नाव काढलं की मालोजीराजे. शिवरायांचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले, गावात त्यांची गढी आहे. साल कुठलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण व्हॉट्सॲपवर तलवारीचं चित्र आणि तारीख पक्की असते. असो. ते स्मरण हवंच. पण इंदापुरात आणखी एक गोष्ट घडली, जिचा परिणाम तुमच्या-माझ्या घरापर्यंत पोचलाय, आणि तिची एक पाटी कुठे मी पाहिलेली नाही.

१८१८ ला पेशवाई बुडाली. कंपनी सरकारला सारा ठरवायचा होता. पुणे जिल्ह्याचं काम मिळालं प्रिंगल नावाच्या साहेबाकडे. हा हेलीबरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला, खंडाचा सिद्धांत तोंडपाठ. त्याने ठरवलं, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक मोजायचं, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर किती सुंदर! डिझाईन डॉक्युमेंट बघितलं असतंत तर तुम्हीही सही केली असतीत. पण इनपुट? मोजणारे कारकून घाईत, काही पैसे खाणारे, पिकाचे आकडे अंदाजपंचे. १८३० च्या सुमारास दर लागू झाले आणि त्याच वेळी धान्याचे भाव कोसळले. इंदापूर भागातली कितीतरी शेतं पडीक पडली, कुणबी गावं सोडून निजामाच्या मुलखात निघून गेले. कचरा आत तर कचरा बाहेर. आपल्याला हे फर्स्ट इयरला शिकवतात, इंदापूरने ते आधी भोगलं.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट नावाचा तरुण लेफ्टनंट, तोही इंजिनिअर, यांना इंदापूर तालुक्यात पाठवलं. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. जमिनीचा रंग, मातीची खोली, चुनखडी, उतार असे दोष बघायचे आणि आण्यांत प्रत लावायची. एकूण सारा किती घ्यायचा ते मात्र आधीच्या वर्षांत लोकांना प्रत्यक्षात किती झेपला यावरून. प्रत्येक तुकड्याला हद्दीचे दगड आणि एक नंबर. आणि दर तीस वर्षं बदलायचा नाही अशी हमी. १८३६ ला हे इंदापुरात लागू झालं. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. मग हीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली, वऱ्हाडात गेली, म्हैसूरपर्यंत गेली.

फ्लॅट घेताना वकील विचारतो ना, 'सर्व्हे नंबर काय?' तो सर्व्हे नंबर. ज्या सातबाऱ्याच्या नावाने गावोगाव भाऊ भावाशी बोलत नाहीत, त्याची पाळंमुळं तिथे. आपण ज्याला पायलट म्हणतो तो इंदापुरात झाला. आणि आपण विचारतो, कुठल्या हॉटेलपाशी?

आता तीस वर्षांनी काय झालं ते बघा, कारण इथे गोष्ट गोड राहत नाही. हमी संपली १८६६ ला. मधल्या काळात रेल्वे आली होती, पुण्याहून दिक्सळपर्यंत १८५८ लाच. अमेरिकेत यादवी युद्ध लागल्यामुळे १८६१ ते ६५ इथल्या कापसाला सोन्याचा भाव. सावकार दारात येऊन कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव आपटले, कर्ज आटलं. आणि नेमकं तेव्हाच सरकारने सारा फेरठरवला. तेजीच्या वर्षांकडे बघून. कुठे ५० टक्के वाढ, कुठे १०० टक्के. सारा रोख, ठरलेल्या हप्त्याने. शेतकरी जाणार कुठे? पेठेत.

त्यात कायद्याची एक मजा. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षं चालणार, म्हणजे व्याज साचणार नाही. हेतू चांगला. पण सावकाराने काय केलं, दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि जुनं व्याज नव्या मुद्दलात घालायचं. वर्षाला २४ टक्के सरळ व्याज धरून हिशेब करा (हा दर मी उदाहरणाला घेतलाय). शंभराचे तीन वर्षांनी १७२. नवा रोखा १७२ चा, त्याचे सहाव्या वर्षी २९६. नवव्या वर्षी ५०९. रोखा बदलला नसता तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. जो नियम व्याज थांबवायला केला त्यानेच चक्रवाढ लावून दिली. आणि हे सगळं अंगठा लावणाऱ्याला न समजणाऱ्या भाषेत. पर्सनल लोनच्या 'अटी व शर्ती'वर खालपर्यंत स्क्रोल करून टिक मारणाऱ्यांनी यावर हसू नये. मीही मारतो.

१२ मे १८७५, बुधवार. सुपे. आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत. पुणे, सुपे, इंदापूर या जहागिरीच्या गावांतलं सुपे. बाजाराचं, सावकारांच्या दुकानांचं गाव. आजूबाजूचे शेतकरी जमले आणि त्यांनी दुकानांवर चाल केली. मागितलं काय? वह्या आणि रोखे. ते मिळाले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आग लावली, पण माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फार थोडे. कागद हवा होता. कागद मिळाला की बहुतेक ठिकाणी जमाव शांत व्हायचा. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत पसरलं, साडेनऊशेच्या वर लोकांना धरलं. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ ला थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पाठ्यपुस्तकात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून चार ओळींत येतं. मी बोर्डात या प्रश्नाचं उत्तर लिहिलंय आणि सुपे म्हणजे मोरगावला जाताना लागतं ते सुपे, हे मला तेव्हा कळलेलंही नव्हतं!

अलीकडे याची एक सोपी आवृत्ती फिरते, बाहेरून आलेल्या सावकारांनी भोळ्या शेतकऱ्याला लुटलं. सोपी म्हणून लोकप्रिय. मला ती मान्य नाही. सावकार मारवाडी होते, गुजराती होते, हे खरं. पण नाईक बारामतीचेच होते की. आणि सारा वाढवला सरकारने, रोखीत मागितला सरकारने, रोख्यावर जप्तीचा हुकूम दिला सरकारी कोर्टाने. सावकाराची जात काढली की या तिघांचं नाव काढायची गरज उरत नाही. गंमत म्हणजे आयोगाने सुद्धा साऱ्याचा दोष झटकून सावकारावरच बोट ठेवलं. दीडशे वर्षांनी आपण तोच अहवाल फॉरवर्ड करतोय.

आणि पाणी? "पाणी आम्ही आणलं" हे बारामतीतलं आवडतं वाक्य. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने सरकारला जाग आल्यावर. भाटघरचं धरण त्याच काळातलं. पुढे जुन्या धरणाच्या जागी लॉईड धरण झालं. कालव्याखाली ऊस आला, ऊस आला म्हणून गूळ, गूळ आला म्हणून आजोबांची आडत. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना आला तो १९३० च्या दशकात. ज्यांचा वाढदिवस आपण १५ सप्टेंबरला स्टेटस लावून साजरा करतो त्या विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात नोकरीला असताना दख्खनच्या कालव्यांवर पाण्याच्या वाटपासाठी ब्लॉक पद्धत आणली. आणि ज्या दिवशी कालव्याची रेघ मारली गेली त्या दिवशी बारामतीचे दोन तुकडे झाले, खाली बागायत, वर जिरायत. सुपे वर राहिलं. रोखे जाळणारी गावं कोरडी राहिली आणि रोखे लिहिणाऱ्या पेठेला ऊस मिळाला. आजही उन्हाळ्यात टँकर कुठे जातो ते बघा आणि ही रेघ कधी मारली ते आठवा.

आता काकांकडे परत. मी हे सगळं ताटावर सांगितलं (थोडक्यात नाही, मान्य). काकांचा प्रश्न होता, "ठीक आहे, झालं असेल. पण आपल्या वह्यांचं काय? आपण काय पेशवे आहोत का?"

याला माझ्याकडे एक उत्तर होतं आणि ते मला इंग्लंडात मिळालं होतं. गेल्या वर्षी ऑनसाईटला केंब्रिजला होतो. एका शनिवारी ट्रेनने किंग्ज लिनला गेलो, तासाभराच्या आत. छोटं बंदर, बारामतीपेक्षाही कमी गजबजलेलं. १२०४ ची जॉन राजाची सनद, एक शनिवार बाजाराचा चौक, एक मंगळवार बाजाराचा चौक, जर्मन व्यापाऱ्यांची पाचशे वर्षांपूर्वीची वखार अजून उभी, नदीकाठी १६८३ ची कस्टमची इमारत. पण गावाला अभिमान कशाचा, तर एका वहीचा. रेड रजिस्टर. चौदाव्या शतकातली, गावच्या कारभाराच्या नोंदींची, तिकडच्या सर्वांत जुन्या कागदी वह्यांपैकी एक. कुणा राजाने त्यात कविता लिहिलेली नाही. गावच्या माणसांनी गावचे व्यवहार लिहिलेत. लाल वही. आमच्या माडीवर तशा चाळीस होत्या!

(कुणी म्हणेल, इंग्रजांचं कौतुक. मुळीच नाही. त्यांनी स्वतःच्या बाजाराच्या वह्या जपल्या आणि आपल्या बाजारातल्या दंग्याचा अहवालही लंडनला जपला. रद्दीवाल्याला फक्त आपण बोलावतो.)

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुला वाटतं मला कळत नाही? अरे, त्यात नावं आहेत. कुणाचा बाप किती उचल घेऊन गेला, कुणी जमीन लिहून दिली, सगळं आहे. ती घरं आज आपल्या दारावरून जातात, लग्नाला बोलवतात. त्यांनी वाचलं तर? आणि बाबांनी सगळं सरळच केलं असेल असं तू छातीवर हात ठेवून सांगशील?"

खरं भांडण इथे होतं. 'माळ होता, कुसळं होती' हे वाक्य अडाणीपणातून येत नाही. ते सोयीचं आहे. काहीच नव्हतं म्हटलं की कोण देणेकरी, कोण घेणेकरी हा प्रश्न मिटतो. सगळे एकदम माळावरून उठले आणि एकदम मोठे झाले. भाषणाला बरं, पंगतीला बरं. बाजारगावचा इतिहास लिहायचा म्हणजे उधारीचा इतिहास लिहायचा, आणि उधारी दोन्ही बाजूंच्या नावाने असते. मालोजीराजांच्या तलवारीत कुणाचा अंगठा नसतो म्हणून ती स्टेटसला लावायला सोपी.

सुप्याच्या लोकांनी वह्या जाळल्या तेव्हा त्यांना त्यांचं मोल माहीत होतं. आमच्या पेठेत आज त्या किलोने जातात, आणि त्यात आमच्याही आजोबांचं एखादं खोटं बेरजेत गेलेलं असेल तर तेही जातं. मला हे मान्य नाही. असेल तर असू दे. माझ्या आजोबांनी चूक केली असेल तर ती मला वाचायची आहे, आणि ज्याच्या आजोबांवर केली त्यालाही तो हक्क आहे. त्यासाठी म्युझियम नको. एक खोली, दोन स्टीलची कपाटं, एक स्कॅनर आणि मोडी वाचणारा एक माणूस पगारावर. दोन्ही तालुक्यांत मिळून जितक्या कमानी आहेत त्यातल्या एकीच्या खर्चात होईल. पेठेतल्या प्रत्येक जुन्या दुकानात अशी एक पेटी असते, आणि रिडेव्हलपमेंट प्रत्येक गल्लीत चालू आहे. ज्या मित्रांची घरं पेठेत आहेत त्यांनी या शनिवारी माडीवर चढून बघा. पुढच्या शनिवारी माडी नसेल.

काका शेवटी म्हणाले, "ने तुला न्यायच्या त्या." सॅकमध्ये तीन मावल्या. लॅपटॉप हातात धरून एसटीत बसलो. बाकीच्या रद्दीवाला सोमवारी घेऊन गेला, हे काकूने फोनवर सांगितलं.

तीन वह्या वाकडला कपड्यांच्या कपाटात आहेत. रूममेटची तक्रार आहे की कसर होईल. मी मोडीचा एक ऑनलाईन क्लास लावलाय, रात्री क्लायंट कॉल संपल्यावर एकेक अक्षर लावत बसतो. आकडे लवकर येतात. काल पहिलं अख्खं नाव लागलं. बाजूला जांभळ्या शाईचा अंगठा, खाली रक्कम. गाव सुप्याच्या बाजूचं. आडनाव आणि गाव दोन्ही माझ्या शाळेतल्या एका जवळच्या मित्राचं. त्याला अजून फोन केलेला नाही.